वडिलांना ४९ व्या वर्षी अटॅक, माझा कॅल्शियम स्कोर शून्य. आता निर्धास्त राहू का?

तुम्ही लिहिलंय की वय ३८, सिगारेट नाही, शुगर नाही, वडिलांना ४९ व्या वर्षी हार्ट अटॅक आला. हृदयाच्या सीटीवर कॅल्शियम स्कोर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा, शून्य आला आणि 'आता वीस वर्षं बघायला नको' असं तुम्हाला सांगण्यात आलं.

वीस वर्षांची हमी या तपासणीतून कुणालाच मिळत नाही, ३८ व्या वर्षी तर नाहीच. या वयात बहुतेकांचा स्कोर शून्यच असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत आधी चरबीचा मऊ थर साचतो, तो जुना झाला की त्यात कॅल्शियम बसतं. साध्या सीटीत दिसतं ते फक्त हे कॅल्शियम. मऊ थर दिसत नाही, आणि तरुणपणीचे बरेच अटॅक तोच थर फाटून येतात.

आकडा बनतो कसा, तेही बघा, कारण रिपोर्टवरचा एक आकडा बघून लोक भलतेच निष्कर्ष काढतात. डाय न देता, ईसीजीच्या तीन पट्ट्या लावून, श्वास रोखून हृदयाचे साधारण ३ मिलिमीटर जाडीचे काप घेतात. १३० हाउन्सफिल्डच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) वरचा पांढरा ठिपका कॅल्शियम धरायचा. त्याचं क्षेत्रफळ मोजायचं आणि घनतेप्रमाणे १ ते ४ ने गुणायचं. १९९० मध्ये अ‍ॅगॅटस्टन आणि जॅनोविट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी ही पद्धत दिली. समजा ठिपका ६ चौरस मिलिमीटरचा आहे. त्याची घनता २९५ भरली तर गुणक २, स्कोर १२. ३०५ भरली तर गुणक ३, स्कोर १८. एवढ्याशा फरकाने आकडा दीडपट होतो. तपासणीआधी चहा-कॉफी घेऊन नाडी ९० ला गेली की हृदय हलतं, ठिपका फरफटतो आणि क्षेत्रफळ चुकतं. वजन जास्त असेल तर चित्रात खरखर येते, मग नसलेले ठिपके दिसतात. म्हणून ४ चे ९ झाले तर 'वाढलं' म्हणून घाबरू नका. पण चाळिशीच्या आत कितीही थोडं कॅल्शियम खरोखर सापडलं तर ते त्या वयाच्या बहुतेकांपेक्षा जास्तच असतं. 'फक्त ७ आहे' म्हणून सोडायचं नाही.

आता आमच्या क्षेत्रातला जुना वाद. 'धमनी डोळ्यांनी बघितली, मग खानदानाची चौकशी कशाला?' असं म्हणणारे खूप आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. सीटीच्या टेबलाजवळ नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. दोन सख्खे भाऊ एकाच दिवशी येतात. थोरला ४७ चा, फॉर्मवर लिहितो 'वडील, अटॅक, ५१'. धाकटा ४१ चा, तोच रकाना 'निल'. विचारलं तर म्हणतो, बाबांना गॅस चढला होता, अटॅक नव्हता. थोरल्याचा स्कोर ८६, धाकट्याचा शून्य. थोरला औषध घेऊन घरी जातो. धाकट्याचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८ असूनही तो पेढे वाटायला मोकळा. वडील एक, घर एक, जेवण एक, फरक फक्त सहा वर्षांचा. थोरल्याचाही ४१ व्या वर्षी शून्यच आला असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून धाकट्याचा शून्य वाचताना 'वडील, ५१' ही ओळ शेजारी हवीच.

अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत हेच आहे. मध्यम धोक्याच्या माणसाचा स्कोर शून्य आला तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू न करता थांबता येतं. मात्र मधुमेह असेल, सिगारेट चालू असेल किंवा घरात लवकर हृदयविकार झालेला असेल, तर ही सूट नाही. वाद तिथेच मिटायला हवा होता.

'लवकर' म्हणजे वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत. आईला ६२ व्या वर्षी झालेला अटॅक लोक म्हातारपणात ढकलतात, तो इथे मोजायचा असतो. बायपास आणि स्टेंटही धरा. 'झोपेत गेले', 'छातीत जळजळ झाली आणि गेले' हे वयासकट लिहा.

हृदयविकाराचा धोका काढून देणाऱ्या कॅल्क्युलेटरवरही फार विसंबू नका. स्कोर आणि घरचा इतिहास दोन्ही विचारणारं मेसा या अमेरिकी अभ्यासाचं गणित ४५ च्या पुढच्यांसाठी आहे आणि त्या अभ्यासात दक्षिण आशियाई नव्हतेच. २०२३ चं प्रिव्हेंट हे अमेरिकी कॅल्क्युलेटर ३० वर्षांचा धोका सांगतं, पण वडिलांबद्दल एक शब्द विचारत नाही. आपल्याकडे पहिला अटॅक इतर देशांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, हे इंटरहार्ट या अनेक देशांतल्या अभ्यासात दिसलं आहे.

परत स्कॅनचं म्हणाल तर तुमच्यासारख्यांनी ३ ते ५ वर्षांनी करावा. पण स्टॅटिन सुरू झालं असेल तर नको. स्टॅटिनने थर घट्ट होतो, कॅल्शियम वाढलेलं दिसतं आणि माणूस घाबरून गोळी बंद करतो.

एक सांगायला हवं, शून्याला किंमत आहे. घरचा इतिहास असला तरी पुढच्या काही वर्षांचा धोका शून्यामुळे खरोखर कमी धरला जातो, त्यामुळे धास्तीही घेऊ नका. आणि हे सगळं त्रास नसलेल्यांसाठी. चालताना छाती भरून येत असेल तर स्कोर बाजूला ठेवून थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनीच ठरवायचं.

तुम्ही आधी एलडीएल बघा आणि लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, याची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा लिटरला १२५ नॅनोमोल आणि त्यापुढे म्हणजे जास्त. एकक कोणतं छापलंय ते नीट वाचा. हे आई-वडिलांकडून येतं, पथ्याने फारसं हलत नाही. तुमचं जास्त निघालं तर भावंडांचं आणि मुलांचंही तपासा.