१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी रात्री टीव्हीवर सारखं गोल फिरतं. प्लॅन वाढवू का?

नका वाढवू. निदान या आठवड्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय की दिवसा सगळं ठीक असतं, पण रात्री जेवणं आटोपून सिनेमा किंवा मॅच लावली की दर पाच-दहा मिनिटांनी चित्र थांबतं. आणि ऑपरेटरचा माणूस येऊन मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो, "लाइन ओके आहे साहेब" म्हणतो आणि निघून जातो. हे नाटक आमच्या घरी चार महिने चाललं होतं. त्या काळात मी ५० चा प्लॅन १०० केला, मग १०० चा २०० केला. गोल फिरायचं ते फिरतच राहिलं. विकेट पडल्याचा आरडाओरडा शेजारच्या घरातून यायचा, तेव्हा आमचा बॉलर रनअपच्या टोकाला पुतळ्यासारखा उभा असायचा.

आधी थोडा हिशेब. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे तुमच्या १०० मध्ये फोर-केचे सहा टीव्ही एकदम चालायला हवेत. सोसायटीची टाकी भरलेली आहे आणि तुमच्या नळाला करंगळीएवढी धार येतेय, तर टाकी मोठी करून काय होणार? गळती कुठे आहे ते बघायला हवं. जागा तीनच: ऑपरेटरपासून राउटरपर्यंतची लाइन, राउटरपासून टीव्हीपर्यंतचं वायफाय आणि खुद्द टीव्ही.

"रात्रीच अडकतं" म्हटलं की सगळे ऑपरेटरकडे बोट दाखवतात. मीही दाखवलं. पण रात्री दोन गोष्टी होतात. ऑपरेटरच्या लाइनवर गर्दी होते हे खरंच, पण त्याच वेळी बिल्डिंगमधले सगळे घरी येतात आणि त्यांची वायफायही कामाला लागतात. आमच्या फ्लॅटमध्ये फोनवर २३ वायफायची नावं दिसत होती. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. त्यातल्या २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे वाटा, तीनच मिळतात: १, ६ आणि ११. तीन चॅनल आणि तेवीस घरं, म्हणजे दादर स्टेशनचा जिनाच. तेव्हा दोष लाइनचा की वायफायचा, हे आधी वेगळं काढा.

ते असं. रात्री साडेनऊला, अडकत असतानाच, लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला लावा आणि फास्ट डॉट कॉम उघडा. ती नेटफ्लिक्सचीच साइट आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून स्पीड मोजते. नेहमीच्या स्पीड टेस्टमध्ये जवळचा सर्व्हर निवडला जातो, आणि तो बऱ्याचदा खुद्द ऑपरेटरच्याच घरचा असतो, म्हणून तिथे आकडा छान दिसतो. मग तीच साइट टीव्हीच्या ब्राउझरमध्ये उघडा. टीव्हीत ब्राउझर नसेल तर फोन टीव्हीला चिकटवून धरा आणि त्यावर बघा.

माझे आकडे आले केबलवर ९४ आणि टीव्हीजवळ ६.

सहा! कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. फायबर दारावरच्या भोकातून आत आलं, म्हणून राउटर तिथेच चपलांच्या स्टँडवर बसवलेला. टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एक भिंत नि आरशाचं लोखंडी कपाट. धातू आणि आरसा वायफायला पार अडवतात. त्यात टीव्ही २.४ वर जोडलेला, कारण पहिल्या दिवशी जे नाव आधी दिसलं त्यात पासवर्ड टाकून मोकळे झालो होतो.

पण मला जास्त लागलं ते ९४. प्लॅन तर २०० चा होता! लॅन केबलचा प्लग उजेडात धरून पाहिला, तर आठपैकी चारच तारा आत गेलेल्या. चार तारांवर जोडणी १०० च्या वर जातच नाही, आणि मापताना ती साधारण ९४-९५ दिसते. राउटर आणि फायबरच्या डब्याच्या मधली केबलही त्याच हाताने बनवलेली, तशीच. म्हणजे २०० चे पैसे मी नुसते भरत होतो. बायकोला हे मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

इलाज साधा निघाला. पंधरा मीटर तयार लॅन केबल आणली आणि स्कर्टिंगच्या कडेने टीव्हीपर्यंत नेली. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, त्याची काळजी करू नका, फोर-केला तो भरपूर झाला. केबल टाकणं शक्य नसेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि राउटर उंचावर, मोकळ्यावर ठेवा. मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर दमतं, त्यामुळे दोन भिंती असतील तर त्याच्या भरवशावर राहू नका. रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पाठवणारा डबा) घ्यायची घाई नको. जिथे आधीच सिग्नल मेलाय तिथे रिपीटर लावला तर तो मेलेलाच सिग्नल पुढे पाठवतो.

केबलवरही रात्री आकडा पडत असेल तर मात्र लाइनकडे बघा. लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१), आणि दुसरीत बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत शांतपणे येतंय आणि दुसरीकडे ते मधूनच तीनशेवर उडतंय किंवा टाइम-आउट होतंय, तर तो स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेवा. मात्र या वेळी कुणाचा फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवत नाहीये ना, ते आधी बघा. अपलोड तुंबलं की डाउनलोडही रखडतं. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच नीट पोचत नाहीये. माझ्या मावसभावाकडे वायर सरकत्या खिडकीच्या फटीत चेपली होती, खिडकी लावली की नेट गायब.

तक्रार करताना फोनवर नुसतं "बघतो" ऐकून गप्प बसू नका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागा. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत ती सोय आहे, आणि तिथे हाच नंबर लागतो. जाता जाता महिन्याचा डेटा कोटा संपलाय का तेही विचारा. फोर-केला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो, आणि कोटा संपला की स्पीड गुपचूप खाली येतो.

सिनेमा नीट चालतो आणि फक्त मॅच अडकते, असं असेल तर आश्चर्य नाही. सिनेमाचा पुढचा भाग टीव्ही आधीच साठवून ठेवतो. मॅचमधला पुढचा बॉल अजून पडलेलाच नसतो, तो साठवणार कुठून? म्हणून वायफायची बारीकशी उचकीही मॅचमध्ये लगेच दिसते.

राहिला टीव्ही. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ लावून सेटिंगमधलं "स्टॅट्स फॉर नर्ड्स" चालू करा. बफर हेल्थ (पुढचं किती साठवलंय ते) तीस-चाळीस सेकंद आहे, तरी चित्र अडखळतंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा (गाळलेल्या चित्रांचा) आकडा वाढतोय, तर नेट बिचारं निर्दोष आहे, टीव्हीचाच प्रोसेसर थकलाय. नको ती अॅप्स काढा, टीव्ही प्लगपासून बंद करून पुन्हा चालू करा. फरक पडला नाही तर टीव्हीच्या मागे वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावणं नव्या टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, असंही कुणीतरी सांगेलच. त्याने पाइप रुंद होत नाही.

मी परत १०० वर आलोय. तुमचे केबलवरचा आणि टीव्हीजवळचा असे रात्री साडेनऊचे दोन आकडे कळवा, मग पुढचं बघू.