वडिलांच्या मागे गिरगावची चाळ माझ्या अंगावर आली. घरमालक संघटनेत जाऊन काही फायदा होतो का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. चाळीतला एक पागडीचा भाडेकरू, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्यात राहणारा, परस्पर खोली विकायला निघालाय, आणि मुलुंडच्या फ्लॅटमधला माणूस मुदत संपली तरी हलत नाही. संघटना या दोघांना बाहेर काढेल, अशा आशेने जाणार असाल तर सभासद फी वाचवा. खोली कोणीही रिकामी करून देत नाही. आपण रागाच्या भरात जी घाण करून ठेवतो, ती करण्याआधी कोणीतरी हात धरतं, एवढाच खरा फायदा. माझ्या मते तो पुष्कळ आहे.

मी परळचा. आमच्या आजोबांनी बांधलेली चाळ, खाली दोन दुकानं. मी संघटनेत गेलो तो तोंड पोळल्यावर. तळमजल्याच्या एका भाडेकरूने न विचारता पोटमाळा घातला. वडील चिडले आणि त्यांनी त्याचं भाडंच घेणं बंद केलं. तो दर महिन्याला मनीऑर्डर धाडायचा, वडील दारातूनच परत पाठवायचे. पोस्टमनही कंटाळला होता. आम्हाला वाटायचं, थकबाकी साठतेय, केस घट्ट होतेय. मग नोटीस दिली आणि स्मॉल कॉज कोर्टात गेलो. त्याच्या वकिलाने पिशवीतून परत आलेल्या मनीऑर्डरींच्या कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, सुतळीने बांधलेला. भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तोवर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 15 त्याच्या बाजूने असतं. थकबाकीचा मुद्दा तिथेच बसला.

संघटनेची बैठक महापालिकेच्या शाळेत असायची, चौथीच्या बाकांवर गुडघे अडकवून. जुन्या सेक्रेटरीकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोटमाळ्याचे फोटो काढलेत?" काढले नव्हते. लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम हे खोली परत मागायचं कारण कलम 16 मध्ये आहे. भांडण पोटमाळ्याचं होतं आणि आम्ही दोन वर्षं भाड्यावर भांडत बसलो.

म्हणून तुमच्या पागडीवाल्याचं भाडं थांबवू नका. पावती फाडा, पण त्याच्याच नावाने. खोली घेणाऱ्या नव्या माणसाकडून एक रुपयासुद्धा घेऊ नका. त्या व्यवहाराला संमती नाही, असं रजिस्टर्ड पत्र आजच टाका. पूर्वी पागडी म्हणजे बेकायदा मामला होता. 1999 च्या याच कायद्यात, कलम 56 मध्ये, पावती नावावर करून देण्यासाठी मालकाने पैसे घ्यायला वाट ठेवली आहे. रिवाज साधारण तेहतीस टक्क्यांचा, पण तो रिवाजच. कायद्यात आकडा नाही. तुमची सही लागते म्हटल्यावर हा माणूस बहुधा स्वतःच दार वाजवेल.

मुलुंडचं वेगळं. करार रजिस्टर आहे का? अकरा महिन्यांचा असेल तर नोटरी पुरते, ही समजूत मुंबईत घरोघरी आहे आणि ती साफ चुकीची आहे. कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरून सुरुवात होते, वर मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. रजिस्टर असेल तर मात्र तुमचं काम सोपं आहे. कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने लढायची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. मुदतीनंतरच्या दिवसांचे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट पैसेही मागता येतात. तोवर पाणी-वीज तोडायचा मोह आवरा. अत्यावश्यक सोयी तोडणं हा गुन्हा आहे, आणि मग पोलीस चौकीत बाकावर तुम्ही बसाल.

भाडं वाढेल का, असंही विचारलंत. वर्षाला चार टक्के. शंभर रुपये भाडं असेल तर चार रुपये, त्यात कटिंगसुद्धा येत नाही. 5 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनच्या खटल्यात, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असा निकाल दिला, तेव्हा आमच्या बैठकीत पेढे वाटले. 1992 पासून पडून होतं ते प्रकरण, पेढे समजू शकतो. पण तो मुद्दा म्हाडा कायद्याखाली जुन्या इमारती ताब्यात घेण्याचा होता. तुमच्या पावतीवरचा आकडा त्याने हललेला नाही.

संघटना निवडताना एक बघा. काही ठिकाणी पुढच्या रांगेत बिल्डरची माणसं बसलेली असतात. चहा छान देतात आणि दुसऱ्याच भेटीत मुखत्यारपत्र पुढे करतात. सही करू नका. पहिल्या दिवशी पावतीपुस्तकं, असेसमेंटचं म्हणजे मालमत्ता कराचं बिल, प्रॉपर्टी कार्ड आणि मुलुंडचा करार यांच्या झेरॉक्स घेऊन जा. मूळ कागद घरी कपाटात ठेवा, कोणी कितीही गोड बोललं तरी.