काढता येणारा टोबार: दांडा कायम लावून ठेवावा का, आणि किल्ली कुठे ठेवावी?

तुम्ही विचारलंय, की जुनी गाडी घेतली, तिला काढता येणारा टोबार (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे लावलेला लोखंडी भाग) आहे, बरोबर एकच किल्ली मिळाली. आता बॉलचा दांडा, म्हणजे ज्याच्या टोकाच्या गोळ्यावर ट्रेलर बसतो तो, कायम लावून ठेवला तर चालेल का, आणि काढला तर तो आणि किल्ली ठेवायची कुठे. मी आठ वर्षं अशाच टोबारवर छोट्या बोटीचा ट्रेलर ओढते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी किल्लीचा नंबर टिपून ठेवा. बहुतेक टोबारांच्या किल्लीवर एक छोटा कोड कोरलेला असतो आणि पुष्कळदा तोच कुलपाच्या तोंडावरही असतो. त्या कोडवरून टोबार बनवणाऱ्याकडून किंवा सुटे भाग विकणाऱ्याकडून दुसरी किल्ली मागवता येते. कोड नसेल तर कुलूप फोडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. माझी किल्ली एका सहलीच्या शेवटी हरवली तेव्हा दांडा गाडीला कुलूपबंद होता आणि मी कोड कुठेच लिहून ठेवला नव्हता. गाडीखाली आडवं होऊन, कुलपावरचं रबरी टोपण काढून, जुन्या टूथब्रशने चिखल खरवडला तेव्हा कुठे चार आकडे दिसले. ते तरी दिसले म्हणून सुटले. तुमच्याकडे एकच किल्ली आहे, तेव्हा दुसरी आत्ताच मागवा. हरवल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.

आता किल्लीबद्दलची खरी महत्त्वाची गोष्ट. हे कुलूप फक्त चोरासाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या लेखी त्याचं मोठं काम वेगळंच आहे. दांडा गाडीखालच्या त्याच्या खोबणीत पूर्ण बसल्याशिवाय किल्ली फिरत नाही, आणि कुलूप लागल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. बहुतेक मॉडेलांची रचनाच अशी असते. म्हणजे किल्ली हातात आली, तर दांडा नीट बसलाय याची ती खूण आहे. निघत नसेल, तर काहीतरी राहिलंय.

एकदा माझी किल्ली अर्ध्यावर अडली. फिरकी, म्हणजे दांड्यावरची फिरवायची गोल मूठ, पाहिली तर तिच्यावरची हिरवी खूण दांड्यावरच्या खुणेसमोर आलेली नव्हती, आणि फिरकी व दांडा यांच्यात नखभर फट होती. दांडा काढला. खोबणीच्या आतल्या कडेला वाळूचा एकच जाड कण चिकटला होता, आणि तो जिथे दाबला गेला तिथे लोखंडावर चकचकीत ठिपका पडला होता. फडक्याने पुसून पुन्हा लावला, खट्ट आवाज आला, किल्ली लोण्यासारखी फिरली. तेव्हापासून दांडा लावण्याआधी मी खोबणीत बोट फिरवून बघतेच. किल्ली निघत नाही म्हणून ती तशीच कुलपात लटकत ठेवून ट्रेलर घेऊन निघालेले लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

लावायची पद्धत मॉडेलप्रमाणे थोडी बदलते. काही दांडे खालून वर जातात, काही मागून आडवे. टोबारवरच्या लेबलवर टाइप नंबर असतो, त्यावरून माहितीपुस्तिका शोधा आणि ती सांगते तसंच करा. सर्वसाधारण क्रम असा: दांडा हातात घेतला की फिरकी ताणलेल्या, म्हणजे उघड्या स्थितीत हवी, लाल खूण दिसते ती. मग दांडा सरळ आत ढकलायचा, तो बसला की स्प्रिंग सुटते आणि फिरकी आपोआप फिरते. त्या क्षणी बोटं फिरकीवर ठेवू नका, स्प्रिंग जोरकस असते आणि बोट चांगलंच चिमटतं. दांडा नुसता हातात असतानाही ती चुकून सुटू शकते, तेव्हाही तेवढंच जपा. मग हिरवी खूण बघायची, फट नाही ना ते बघायचं, कुलूप लावून किल्ली काढायची, टोपण बसवायचं. शेवटी दोन्ही हातांनी दांडा धरून खाली आणि बाजूला जोरात हिसकायचा. ट्रेलर जोडलेला असताना मात्र फिरकीला हातही लावायचा नाही.

तुमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर त्याच्या सुरक्षा-तारेचं सांगायलाच हवं. ट्रेलर सुटला तर ही बारीक तार ताणली जाऊन त्याचा ब्रेक लावते आणि मग तुटते. बरेच जण ती बॉलच्या मानेभोवती नुसती गुंडाळतात. पण काढता येणारा दांडाच निसटला तर तार त्याच्याबरोबर जाईल, ताणलीच जाणार नाही, आणि ब्रेकही लागणार नाही. म्हणून ती गाडीला पक्क्या बसवलेल्या टोबारच्या भागावरच्या कडीत अडकवायची. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये तर असंच अडकवणं बंधनकारक आहे.

कायम लावून ठेवावा का? माझं उत्तर, नको. ट्रेलर नसताना दांडा नंबर प्लेट किंवा दिवा झाकत असेल तर तो काढलाच पाहिजे, असा नियम बऱ्याच देशांत आहे. मागचे पार्किंग सेन्सर त्याच्यामुळे उगाच वाजतात. गाडीमागून जाणाऱ्याच्या नडगीला तो लागतो, आणि ते किती दुखतं हे एकदा अनुभवलं की पुरे. शिवाय महिनोन्महिने न काढलेला दांडा चिखल आणि गंजामुळे खोबणीत धरून बसतो; मग हवा तेव्हा निघत नाही. एका ओळखीच्यांकडे चार जणांनी हातोडी घेऊन अर्धा दिवस घालवला होता.

काढल्यावर खोबणीला त्याचं बूच लावायला विसरू नका. ते हरवलं असेल तर नवं घ्या. उघड्या खोबणीत मागच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल जातो, आणि वर सांगितलेला वाळूचा कण तिथूनच येतो.

दांडा तीन ते पाच किलोचा असतो. तो डिकीत मोकळा टाकू नका. जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली तर एवढं लोखंड पुढच्या सीटपर्यंत येऊ शकतं. काही गाड्यांत स्टेपनीजवळ फोममध्ये त्याच्यासाठी खाच केलेली असते, तीत बसवून पट्टा लावा. खाच नसेल तर जाड पिशवीत घालून डिकीतल्या सामान बांधायच्या कडीला पक्का बांधा. मी तर फार दिवस लागणार नसेल तेव्हा तो घरीच ठेवते, कोरड्या जागी, फडक्यात गुंडाळून. ओला, चिखलाचा तसाच पिशवीत कोंबला की महिन्याभरात खोबणीत जाणाऱ्या टोकाच्या लॉकिंग गोळ्यांवर (दांडा अडकवून धरणाऱ्या छोट्या गोळ्या) गंज दिसतो. त्या गोळ्यांना आणि सरकणाऱ्या भागांना थोडं ग्रीस. कुलपात मात्र तेल नको, त्याने धूळ धरते. कुलपाला ग्रॅफाइटची पूड. प्रेशर वॉशरचा फवारा या यंत्रणेवर मारू नये, असं बऱ्याच पुस्तिकांत लिहिलेलं असतं.

बॉलला ग्रीस लावायचं की नाही, हे ट्रेलरच्या कपलिंगवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या त्याच्या पकडीवर, ठरतं. साध्या कपलिंगला लावा. घर्षणाच्या पॅडचं स्टॅबिलायझर (ट्रेलरचं डुलणं कमी करणारं) असेल तर बॉल अगदी कोरडा, पुसून स्वच्छ हवा, नाहीतर पॅड निकामी होतात. युरोपात वापरला जाणारा बॉल 50 मिमीचा असतो. झिजून 49 मिमीवर आला की बदलायचा. जुनी गाडी आहे, तर कॅलिपर लावून एकदा मोजाच. दांड्यावरचा नंबर आणि गाडीखालच्या लेबलवरचा नंबर जुळतो का, तेही बघा, कारण दिसायला सारखे दोन दांडे एकमेकांच्या खोबणीत बसतीलच असं नाही. त्याच लेबलवर एस ही किंमत असते, म्हणजे बॉलवर ट्रेलरचा खालच्या दिशेने जास्तीत जास्त किती किलो भार चालेल, तो आकडा.

राहिली किल्ली. बऱ्याच मॉडेलांत दांडा काढलेला असताना कुलूप उघडंच असतं, त्यामुळे किल्ली दांड्यातच राहते आणि त्याच्याबरोबर पिशवीत जाते. ठीक आहे, पण म्हणूनच दुसरी किल्ली त्या पिशवीत कधीच नको. ती घरी, गाडीच्या जास्तीच्या किल्लीजवळ, कोड लिहिलेल्या चिठ्ठीसकट. दांडा लावून किल्ली निघाली, की ती मी डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या एकाच छोट्या डबीत ठेवते, दुसरीकडे कुठेच नाही. ट्रेलरमध्ये ठेवू नका, कारण ट्रेलर सोडून गाडी पुढे जाते आणि किल्ली मागे राहते. गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यातही नको: गाडीखाली हात घालून कुलूप फिरवताना सगळं जुडगं चिखलात लोंबकळतं. आणि घरात आणखी कोणी गाडी चालवत असेल तर त्यांना ती डबी दाखवून ठेवा. माझ्या हरवलेल्या किल्लीचं तसंच झालं होतं. नवऱ्याने ती खिशातून काढून दुसऱ्या पॅंटमध्ये ठेवली होती, आणि ती सापडली तोपर्यंत नवी येऊन पोचली होती.