वाचकांचे प्रश्न : जेम्स ग्रॅहम आणि प्रॉपचं काम

प्रश्न : इंग्लंडचा जेम्स ग्रॅहम हा रग्बी लीगमधला फार मोठा फॉरवर्ड (पुढच्या फळीतला खेळाडू), असं ऐकतो. पण त्याच्या नावावर ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) थोडेच दिसतात. मग मोठेपण कशात? (मुंबई)

उत्तर : ग्रॅहम प्रॉप होता, म्हणजे फळीच्या मधोमध खेळणारा धिप्पाड फॉरवर्ड, आणि ट्राय मोजून प्रॉपची किंमत कळत नाही. बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ते रग्बी युनियन; रग्बी लीग हा त्याहून वेगळा खेळ. लीगमध्ये संघात १३ जण असतात आणि चेंडू हाती आल्यावर सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पकडून पाडलं जाईपर्यंत चेंडू आपल्याकडे राहतो. पहिल्या दोन-तीन टॅकलना बहुतेकदा प्रॉपच चेंडू घेऊन समोरच्या रांगेवर धडकतात. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना १० मीटर मागे जावं लागतं. खरी गोम इथे आहे. प्रॉप कोपर-गुडघ्यांवर पडला तर झटकन उठून पायाने चेंडू मागे सारतो आणि समोरचे अजून मागेच धावत असतात. तो पाठीवर पडला, की उठेपर्यंत त्यांची रांग लागलेली असते. ग्रॅहमचे सामने पाहताना चेंडूपेक्षा तो कसा पडतो तिकडे नजर ठेवा.

प्रश्न : तो प्रॉप असून हाफबॅकसारखे (पास देऊन खेळ चालवणाऱ्या खेळाडूसारखे) पास देई म्हणतात. आमच्या मुलांना हे शिकवता येईल का? (क्रीडाशिक्षक, सांगली)

उत्तर : जरूर येईल. २०१२ साली तो इंग्लंडमधला सेंट हेलेन्स संघ सोडून सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्जकडे गेला, तेव्हा या पासमुळेच तिथल्या खेळाचा तो कणा झाला. चेंडू दोन्ही हातांत, छातीसमोर ठेवायचा. एका काखेत घेतला की पास येणार नाही हे बचावाला कळतं आणि तिघे मिळून अंगावर येतात. धाव सरळ हवी, कारण तिरकं धावलं की कडेच्या साथीदाराची जागा आपणच खातो. समोरचा दोन पावलांवर आला की पास. लवकर दिला तर तो सरकून पुढच्याला धरतो, उशीर झाला तर चेंडूवरच हात पडतो. निम्मे पास चुकतात ते मात्र घेणाऱ्यामुळे: तो देणाऱ्याच्या पुढे निघून जातो आणि पास ‘फॉरवर्ड’, म्हणजे पुढच्या दिशेला दिलेला व म्हणून नियमबाह्य, ठरतो. त्याला दोन पावलं मागून, उशिरा धावायला लावा. आधी चालत, मग पळत, डावीकडे दहा आणि उजवीकडे दहा. टॅकल शेवटी आणा.

प्रश्न : इतक्या फायनल हरलेल्या खेळाडूची कारकीर्द यशस्वी म्हणावी का? (नाशिक)

उत्तर : आमच्या मते निःसंशय. २००६ ची सुपर लीग (इंग्लंडमधली मुख्य स्पर्धा) फायनल सेंट हेलेन्सने जिंकली आणि २००७ ते २०११ सलग पाच हरली. त्यातच २००८ साली ग्रॅहम ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बुलडॉग्जकडून ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल स्पर्धेच्या २०१२ आणि २०१४ च्या फायनलही गेल्या. २०१२ च्या फायनलमध्ये प्रतिस्पर्धी बिली स्लेटरचा कान चावल्याबद्दल त्याला १२ सामन्यांची बंदी झाली, तो डाग आहेच. २०१७ ची विश्वचषक फायनल इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून ०-६ ने हरलं. पुढे सेंट जॉर्ज इलावारा या ऑस्ट्रेलियन संघामार्गे तो सेंट हेलेन्सला परतला. २७ नोव्हेंबर २०२०, सुपर लीग फायनल, हल शहर, रिकामं स्टेडियम, विगनविरुद्ध ४-४. शेवटच्या क्षणी सेंट हेलेन्सचा ड्रॉप गोलचा (जमिनीवर टाकून उसळताच मारलेला) चेंडू खांबाला लागून उसळला, जॅक वेल्सबीने तो टेकवला आणि सेंट हेलेन्स ८-४ ने जिंकलं. ग्रॅहम त्यानंतर निवृत्त झाला.

प्रश्न : एवढ्या धडकांत डोक्याचं काय? (पालक, पुणे)

उत्तर : काळजी रास्त आहे. २०१४ च्या फायनलमध्ये चेंडू घेऊन आलेल्या ग्रॅहमला प्रतिस्पर्धी सॅम बर्जेसने टॅकल केलं आणि डोक्यांच्या टकरीत बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. तो पहिलाच टॅकल होता, तरी बर्जेस ८० मिनिटं खेळला. ते कौतुकाने सांगितलं जातं, पण मुलांपुढे हे उदाहरण ठेवू नका. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलने २०२३ पासून कन्कशन (डोक्याच्या धक्क्याने मेंदूला इजा) झालेल्या खेळाडूला साधारणपणे किमान ११ दिवस बाहेर ठेवायचा नियम केला. शाळेत डॉक्टर नसतो, म्हणून नियम आणखी कडक हवा: डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, आणि सरावाला येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणेल. ‘बरा आहेस ना?’ असं त्याला विचारून ठरवू नका. तो ‘हो’च म्हणेल.