अंदाज नेमका कुठे चुकतो?

प्रश्न : आमचा माहिती प्रणालीचा प्रत्येक प्रकल्प ठरल्या तारखेच्या पुढे जातो. संशोधन वाचून काही सुधारेल का? एक शोधनिबंध एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट.

उत्तर : ‘प्रकल्प वेळेत कसे संपवावेत’ एवढ्या मोठ्या प्रश्नाला संशोधनात उत्तर नाही. प्रश्न लहान करा : ग्राहकाचं बजेट आधी कानावर पडलं, तर अंदाज बांधणाऱ्याचा आकडा बदलतो का? याचं उत्तर आहे. मॅग्ने यॉर्गेनसेन आणि डाग श्योबर्ग या संशोधकांनी २००४ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. ग्राहकाची अपेक्षा कळली की अंदाज तिच्याकडे झुकतो, आणि अंदाज देणाऱ्याला ते जाणवतही नाही. म्हणून क्रम बदला. आधी तुमच्या टीममधल्या दोघांनी एकमेकांचं न पाहता अंदाज लिहायचा, बजेट त्यानंतर उघडायचं. फरक पडला तर कारण बोला; सरासरी काढून मोकळे होऊ नका.

मग स्वतःची वही काढा. संपलेल्या दहा प्रकल्पांत प्रत्यक्ष दिवसांना अंदाजाच्या दिवसांनी भागा आणि आकडे चढत्या क्रमाने लावा. समजा, आले : ०.९, १.०, १.१, १.१, १.२, १.३, १.४, १.६, १.९, २.६. मध्यक, म्हणजे मधल्या दोन आकड्यांची सरासरी, १.२५; आठवा आकडा १.६. म्हणजे नव्या कामाचा अंदाज १०० दिवस असेल, तर १२५ दिवसांत पार पडण्याची शक्यता साधारण निम्मी. दहापैकी आठ वेळा शब्द पाळायचा असेल तर १६० दिवस सांगा. शेवटचा २.६ ‘अपवाद’ म्हणून खोडू नका. बेंट फ्लायव्हबर्ग आणि अलेक्झांडर बुडझिअर या संशोधकांनी २०११ मध्ये १,४७१ आयटी प्रकल्प तपासले. खर्चवाढीची सरासरी २७ टक्के निघाली, पण दर सहांतला एक सरासरी २०० टक्क्यांनी फुगला होता. धोका शेपटीत, म्हणजे यादीच्या टोकाच्या मोजक्या आकड्यांत असतो, सरासरीत दिसत नाही.

ही वही बहुतेक ठिकाणी बिघडते ती एकाच कारणाने : सुधारित अंदाज मूळ अंदाजावर लिहिला जातो. मग गुणोत्तर एकच्या आसपास येतं आणि सगळे खूश होतात. मूळ आकडा तारखेसह वेगळ्या रकान्यात ठेवा. रद्द झालेले प्रकल्प, नोंद न झालेला ओव्हरटाइम, वेळेत बसवायला कापलेली वैशिष्ट्यं, हेही लिहा.

प्रश्न : निबंध भरवशाचा आहे, हे पटकन कसं ओळखावं?

उत्तर : निष्कर्ष शेवटी वाचा. आधी पाहा : सहभागी विद्यार्थी की काम करणारे लोक, किती जण, तुलनेचा गट होता का, काम तुमच्या कामाएवढं होतं का. अनेक अभ्यास एकत्र तपासणारा पद्धतशीर आढावा मिळाला तर सुटा निबंध नंतर. आणि ‘आमच्या साधनाने उत्पादकता दुप्पट’ असं साधन विकणाऱ्यानेच लिहिलं असेल, तर ती जाहिरात समजा.