सकाळी नळाला लाल पाणी, पाइप आतून साफ करायचे की बदलायचे?

प्रश्न: नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो, बिल्डिंग 1987 ची, पार्किंग आणि वर तीन मजले. सकाळी नळ सोडला की आधी मिनिटभर लालसर पाणी येतं, मग स्वच्छ. बाथरूमला तर धारच नाही. प्लंबर म्हणतो लाइनमध्ये अ‍ॅसिड सोडू, लगेच मोकळी होईल. दुसरा एकजण आतून कोटिंग करून देतो म्हणतोय. सोसायटीच्या ग्रुपवर रोज वाद चाललेत. काय करावं? - एक वाचक

उत्तर: अ‍ॅसिड नको, प्लीज. तुमचे पाइप जीआयचे असणार म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर, आणि अ‍ॅसिड गंजाबरोबर उरलंसुरलं जस्त आणि लोखंडही खातं. माझ्या बहिणीच्या सोसायटीत हेच केलं, धार मस्त सुटली आणि मग भिंतीतल्या एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, गळती, कारण आटे पाडलेले असतात तिथेच पाइप सगळ्यात पातळ असतो, खालच्यांचं सीलिंग भिजलं तेव्हा कळलं.

आधी तीन बाटल्या भरा. एक खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी पडतं तिथली, एक गच्चीवरच्या टाकीची, एक पहाटे कोणी नळ सोडायच्या आत किचनमधली. पहिल्या दोन स्वच्छ आणि तिसरी लाल, तर गंज टाकीच्या खालच्या तुमच्याच लाइनमध्ये आहे. मग वीतभर पाइप कापून उभा चिरायला सांगा आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर ठेवा, अर्धे वाद तिथेच संपतात. आत पांढरट खडा असेल आणि लिंबू पिळल्यावर फसफसला तर तो क्षार, बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याचा. तपकिरी गाठी असतील तर गंज. खडकवासल्याचं पाणी जड नाही, त्यामुळे तुमच्याकडे बहुतेक गंजच निघेल.

कोटिंग हा प्रकार खरा आहे, फसवणूक नाही. पाइप रिकामा करून गरम हवेनं वाळवतात, मग हवेच्या प्रेशरनं बारीक कच मारून आतला गंज खरवडतात, पार धातू दिसेपर्यंत, आणि मग इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं राळेसारखं रसायन, हवेनंच पुढे ढकलत आतून थर देतात. ओल राहिली किंवा गंज राहिला तर थर धरत नाही, पापुद्रे सुटून नळाच्या जाळीत येऊन बसतात. आणि पाइप आधीच पातळ झाला असेल तर कच मारतानाच भोक पडतं, म्हणून तो कापलेला तुकडा बघितल्याशिवाय हो म्हणूच नका. इपॉक्सी पिण्याच्या पाण्याला चालतं याचं एनएसएफ 61 सर्टिफिकेट लेखी मागा.

माझं मत विचाराल तर गच्चीवरून मागच्या भिंतीनं खाली येणाऱ्या लाइन सरळ बदला, त्या उघड्यावर आहेत, काही फोडावं लागत नाही. कोटिंगचा विचार फक्त भिंतीतल्या पाइपांसाठी, तेही जाड आणि धड असतील तर.

प्रश्न: बाहेरून यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे पाइप लावले तर टिकतील का?

उत्तर: गार पाण्याला टिकतील, पण उन्हानं कडक होऊन तडकतात म्हणून वरून फिकट वॉटर बेस्ड रंग मारून घ्या. गीझरच्या लाइनला मात्र सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारं प्लास्टिक, ते 93 अंशांपर्यंत चालतं. आणि नवीन लाइन सुरू करायच्या आधी दोन्ही टाक्या धुवायला विसरू नका, तळाचा गाळ थेट नव्या पाइपात जातो.