डबक्यातले बेडूकमासे बघायला लागतोयस तर

बेडूकमासे दिसले की लगेच हात घालू नकोस. उकिडवा बस, सावली पाण्यावर पडू देऊ नकोस, आणि थोडा वेळ नुसतं बघ.

काळ्या पिल्लांचा दाट घोळका असेल तर ती बहुधा भेकाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाची. ती भावंडांना वासावरून ओळखतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात यावर फार सुंदर काम झालंय. इंडियन बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाची पिल्लं मात्र दुसऱ्या पिल्लांनाच खातात, बरणीत घेतलीस तर त्यांना वेगळं ठेव.

खरी गंमत रसायनांची आहे. चतुराच्या अळीने एखाद्याला पकडून फाडलं की त्याच्या कातडीतला द्रव पाण्यात पसरतो आणि आसपासची पिल्लं एकदम थिजतात किंवा दूर सरकतात. म्हणून जखमी पिल्लाचं पाणी दुसऱ्या बरणीत अजिबात ओतायचं नाही, भांडी आणि जाळीही वेगळी. नाहीतर तू ज्याला 'स्वभाव' म्हणून वहीत लिहिशील ती निव्वळ भीती असेल.

अंगावरच्या बारीक संवेदी ठिपक्यांच्या ओळींनी, म्हणजे पार्श्वरेषेने, त्यांना पाण्याची हालचालही कळते. त्यामुळे बरणी हलवलीस तर लगेच नोंद करू नकोस, त्यांना शांत होऊ दे.

आवाज? बहुतेक गप्पच असतात. पण दक्षिण अमेरिकेतल्या शिंगवाल्या बेडकाची, सेराटोफ्रिस ऑर्नाटाची, पिल्लं डिवचल्यावर पाण्याखाली चक्क आवाज काढतात!

नळाचं पाणी क्लोरीन उडून जाईपर्यंत उघडं ठेव, मगच वापर. बघून झालं की पिल्लं त्याच डबक्यात सोड, दुसऱ्या नको.